वर्षावास आणि पाऊस : मध्यदेश, भंडारा आणि उष्ण कटिबंधातील बौद्ध देश

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भंडारा जिल्ह्यातील गावोगावच्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. त्यानिमित्त प्रवचनासाठी जाण्याचा योग आम्हास दरवर्षी येतो. २०२३ सालच्या जुलै महिन्यात अशाच एका गावी वाचन आटोपल्यावर एका तरुण उपासकाने विचारले, “सर, आपला वर्षावास ३ जुलैच्या पौर्णिमेपासून सुरू झाला. श्रीलंका आणि थायलंडमध्ये मात्र तो १ ऑगस्टच्या पौर्णिमेपासून धरणार आहेत. मग खरा वर्षावास कोणता?” शेजारी बसलेल्या एका वृद्ध उपासिकेने त्यात आपला प्रश्न जोडला. त्या दिवसभर रोवणी करून आल्या होत्या. पावसामुळे भिक्षू एका ठिकाणी राहतात, असे आम्ही प्रवचनात सांगितले होते. ज्या देशात त्या दिवसांत पाऊसच पडत नसेल, तेथील भिक्षू काय करतात, असे त्यांनी विचारले.

पहिला प्रश्न पंचांगाचा आणि दुसरा भूगोलाचा आहे. त्या रात्री आम्ही दोहोंची उत्तरे थोडक्यात दिली; पण ती आमची आम्हालाच अपुरी वाटली. धम्म ज्या ज्या उष्ण देशांत गेला त्या देशांचे हवामान एकसारखे नाही. तेथील पावसाची मध्यदेशाच्या आणि आपल्या भंडाऱ्याच्या पावसाशी तुलना केली, म्हणजे वर्षावासाच्या नियमातील प्रदेशसापेक्ष भाग कोणता आणि प्रदेशनिरपेक्ष भाग कोणता, हे स्पष्ट होते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

नियमाची जन्मभूमी

विनयपिटकातील महावग्गाच्या तिसऱ्या खंधकात या नियमाची उत्पत्ती सांगितली आहे. भगवान बुद्ध राजगृहाच्या वेळुवनात असताना लोकांनी तक्रार केली की, शाक्यपुत्रीय श्रमण हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा या तिन्ही ऋतूंत भटकतात. हिरवे गवत तुडवितात. अनेक लहान जीवांचा त्यांच्या पायांखाली घात होतो. इतर पंथांचे परिव्राजक पावसाळ्यात एका जागी राहतात. पक्षीसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटे करून स्थिर होतात. ही तक्रार कानी आल्यावर तथागतांनी वर्षावासाची अनुज्ञा दिली.

या कथेतील एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. चिखलात चालण्याने भिक्षूंचे हाल होतात, असे लोकांचे म्हणणे नव्हते. भिक्षूंच्या चालण्याने गवताची, जिवांची आणि पर्यायाने भूमीची हानी होते, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे नियमाच्या मुळाशी भिक्षूची सोय नसून इतरांविषयीची काळजी आहे, आणि ही काळजी प्रथम बोलून दाखविली ती सामान्य जनांनी.

विनयात वर्षावासात प्रवेश करण्याचे दोन दिवस सांगितले आहेत. आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी प्रवेश केल्यास तो ‘पुरिमिका’, म्हणजे पहिला. त्यानंतर एका महिन्याने केल्यास ‘पच्छिमिका’, म्हणजे नंतरचा. दोहोंची मुदत तीन महिन्यांचीच. पाली परंपरेत वर्षाचे ऋतू तीन : गिम्ह, वस्सान आणि हेमंत. आपण मराठीत उन्हाळा, पावसाळा, हिवाळा म्हणतो तेच हे. वस्सान ऋतू आषाढ पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत चार महिन्यांचा असल्याने दोन्ही वर्षावास त्यात सामावतात.

आता नकाशाकडे पाहू. राजगृह सुमारे २५ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि श्रावस्ती सुमारे साडेसत्तावीस अंशांवर. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवरून जाते. म्हणजे तथागतांची चारिका ज्या मध्यदेशात झाली तो बहुतांशी कर्कवृत्ताच्या उत्तरेस, काटेकोर अर्थाने उष्ण कटिबंधाच्या बाहेर आहे. तरीही तेथील जीवन मोसमी पावसानेच घडविले आहे. उन्हाळ्यात उत्तर भारताची भूमी तापते, तेथील हवा विरळ होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यास हिंदी महासागरावरून बाष्पयुक्त वारे धावत येतात. जूनच्या उत्तरार्धात पाऊस तेथे पोचतो आणि सप्टेंबरअखेरीस परतू लागतो. वाराणसीचे वार्षिक पर्जन्यमान सुमारे १,००० मिलिमीटर असून त्यातील बहुतेक पाऊस या काळातच पडतो. आषाढ पौर्णिमा येते तेव्हा पाऊस बसलेला असतो. आश्विन पौर्णिमेला पवारणा होते तेव्हा तो सरलेला असतो. मध्यदेशात नियम आणि पाऊस हातात हात घालून चालतात.

याच भूमीच्या हिवाळ्यातून तीन चीवरांचा नियम आला. वैशालीच्या गोतमक चैत्यापाशी ऐन थंडीच्या रात्री तथागत उघड्यावर बसले. रात्र चढली तशी थंडी वाढली आणि त्यांनी एकावर एक चीवरे पांघरली. या अनुभवानंतर त्यांनी दुहेरी संघाटी, उत्तरासंग आणि अंतरवासक अशी तीन चीवरांची मर्यादा घातली. नियम घालण्यापूर्वी हवामान स्वतःच्या अंगावर पारखून घेण्याची ही रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

भंडाऱ्याचा पाऊस

भंडारा सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. आपण उष्ण कटिबंधाचे रहिवासी आहोत. परंतु विषुववृत्तापासून बरेच दूर असल्याने आपल्याकडे तिन्ही ऋतू स्पष्ट आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तर पौष-माघात पहाटे शेकोटी पेटवावी लागते. जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान सुमारे १,३०० मिलिमीटर आहे. त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आणि निम्म्याहून अधिक केवळ जुलै-ऑगस्टमध्ये पडतो. बंगालच्या उपसागरात निर्माण होणारे कमी दाबाचे पट्टे ओडिशा व छत्तीसगढवरून पश्चिमेकडे सरकतात, तेव्हा पूर्व विदर्भात झड लागते.

पश्चिम विदर्भाचा ज्वालामुखीजन्य काळा खडक भंडाऱ्यात जवळजवळ नाही. येथील खडक अतिप्राचीन आणि कठीण आहे. अशा खडकात पाणी फारसे मुरत नाही. म्हणून पडलेला पाऊस अडवून ठेवल्याखेरीज धानाची शेती होत नाही. येथील कोहळी समाजाने आणि इतर कष्टकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तलाव व बोड्या बांधल्या त्या याच कारणासाठी. आज त्यांतील पुष्कळांना आपण माजी मालगुजारी तलाव, अर्थात मामा तलाव म्हणतो. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा अनेक मोठे तलाव त्या बाजूस गेले. तरी भंडाऱ्याची तलावांचा जिल्हा ही ओळख कायम आहे.

वर्षावास सुरू होतो त्याच सुमारास येथे पऱ्हे उपटून बांध्यांत रोवणी चालू असते. बांधीच्या धुऱ्यावरून चालणारा एक पाय घसरला तरी कोवळे रोप चिखलात जाते. राजगृहाच्या लोकांची तक्रार काय होती हे भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. नियमाचे मूळ कारण आजही अक्षरशः लागू पडते, अशा प्रदेशांत आपला जिल्हा मोडतो.

हा संबंध नवा नाही. वैनगंगेच्या काठी पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या वतीने डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी जगन्नाथ टेकडीचे उत्खनन केले. त्यातून मोठा स्तूप, शिल्पे आणि दान देणाऱ्यांची नावे असलेले ब्राह्मी लेख उजेडात आले. तेथील शिल्पांत मुचलिंद नागाचेही अंकन आहे. संबोधीनंतर सात दिवस अकाली पाऊस लागला असता ज्याने तथागतांवर फणा धरला, तोच हा मुचलिंद. पावसाची ही कथा वैनगंगेकाठच्या उपासकांनी दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरून घेतली होती.

श्रीलंका : तेवढाच पाऊस, उलटे महिने

आता समुद्र ओलांडून श्रीलंकेत जाऊ. हे बेट ६ ते १० अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान, विषुववृत्ताजवळ आहे. सखल प्रदेशात बाराही महिने उष्णता जवळजवळ सारखीच. तेथे हिवाळा असा नाहीच. परंतु पाऊस दोन दिशांनी येतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे कोलंबोच्या बाजूस आणि मध्य पर्वताच्या पश्चिम उतारावर पाऊस पाडतात. पर्वत ओलांडताना ते कोरडे होतात. सह्याद्रीचा घाट उतरून माणदेशात येणाऱ्या वाऱ्यांची जी गत होते, तीच त्यांची होते. मग ऑक्टोबरपासून बंगालच्या उपसागरातील वादळी हवामान व पुढे ईशान्य मोसमी वारे उत्तर आणि पूर्वेच्या कोरड्या पट्ट्याला पाणी देतात. कोलंबोला वर्षाकाठी सुमारे २,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर अनुराधपुरास सुमारे १,३०० मिलिमीटर.

अनुराधपुराचा हा आकडा जवळजवळ भंडाऱ्याइतकाच आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. पण महिने उलटे आहेत. आपल्याकडे ज्या जुलै-ऑगस्टमध्ये बांध्या तुडुंब भरतात, त्याच महिन्यांत अनुराधपुराच्या परिसरात कोरडा वारा वाहतो आणि तलावांचे तळ दिसू लागतात. तेथील धानाचा मुख्य ‘महा’ हंगाम ऑक्टोबरच्या पावसाबरोबर, म्हणजे वर्षावास संपण्याच्या सुमारास सुरू होतो. खडक मात्र आपल्यासारखाच प्राचीन व कठीण. म्हणून तोडगाही तोच : तलाव. अभयवापी, तिस्सवापी, पाचव्या शतकात धातुसेन राजाने बांधलेला कालावापी, ही सारी त्याची उदाहरणे. शेजारच्या मिहिंतले पर्वतावर, प्राचीन चेतियगिरीवर, महामहिंद स्थविरांनी आपला लंकेतील पहिला वर्षावास केल्याचे महावंस सांगतो. त्या स्थळाचे आजचे हवामान पाहता, तो वर्षावास वर्षातील कोरड्या दिवसांतच पार पडला असला पाहिजे.

म्यानमार ते जावा

म्यानमारमध्ये नैर्ऋत्य मोसमी पाऊस मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत चालतो. यांगूनला वर्षाकाठी सुमारे २,७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथे वर्षावास आणि पाऊस यांचा मेळ पूर्ण आहे. मात्र अराकानच्या डोंगरांपलीकडे, मध्य म्यानमारच्या मंडालेत, हा आकडा सुमारे ८५० पर्यंत घसरतो.

थायलंडमध्ये बँकॉकचा पावसाळा मे ते ऑक्टोबर असा असून सप्टेंबरात सर्वाधिक पाऊस होतो. पण त्याच देशाच्या दक्षिण द्वीपकल्पात, नाखोन सी थम्मरात या प्राचीन बौद्ध नगरीत, सर्वांत मोठा पाऊस नोव्हेंबरात, पवारणा होऊन गेल्यावर येतो. म्हणजे एकाच देशाच्या दोन भागांत वर्षावासाची तिथी एक आणि पावसाची वेळ निराळी.

कंबोडियात पावसाळ्यात मेकाँग नदी इतकी फुगते की टोनले साप नदीचा प्रवाह उलटा फिरून पाणी सरोवरात शिरते. चांगल्या पावसाच्या वर्षी सुमारे २,५०० चौरस किलोमीटरचे हे सरोवर १०,००० चौरस किलोमीटरांच्याही पुढे पसरते. तेथे भिक्षूने पायी हिंडण्याचा प्रश्न भूमीच निकालात काढते.

जावा बेट तर विषुववृत्ताच्या दक्षिणेस आहे. तेथे पाऊस नोव्हेंबर ते मार्च या काळात पडतो आणि जुलै ते सप्टेंबर हे महिने कोरडे असतात. बोरोबुदूरचा महान स्तूप याच बेटावर आहे. आज इंडोनेशियातील थेरवादी भिक्षू आषाढ पौर्णिमेनंतरच वर्षावास धरतात, म्हणजे ऐन उन्हाच्या दिवसांत. सिंगापुरात तर बाराही महिने पाऊस पडत असल्याने पावसाळा कोणता हे ठरविणेच कठीण.

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. जेथे आषाढात पाऊस नाही तेथील भिक्षूही तीन महिने एका ठिकाणी राहतात. पावसाचे कारण तेथे उरले नाही. पण त्या कारणाने सुरू झालेल्या वास्तव्यातून जे निष्पन्न झाले ते उरले. एकत्र राहणे, अध्ययन करणे, गावाला धम्म सांगणे आणि शेवटी पवारणेच्या दिवशी आपले दोष दाखविण्याची एकमेकांस विनंती करणे, हे सर्व त्यात आले. पावसाने भिक्षूंना थांबविले आणि थांबण्यातून संघ अधिक बांधला गेला. हा लाभ कोणत्याही अक्षांशावर मिळू शकतो.

विनयाला भूगोल मान्य आहे

मध्यदेशाचा नियम जसाच्या तसा सर्वत्र लादावा, अशी भूमिका तथागतांची नव्हती. महावग्गाच्या पाचव्या खंधकातील सोण कुटिकण्ण याची कथा या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. सोण हा अवंतीचा. त्याला उपसंपदा हवी होती. पण त्यासाठी लागणारे दहा भिक्षू त्या प्रदेशात जमविण्यास महाकच्चान स्थविरांना तीन वर्षे लागली. पुढे सोण तथागतांच्या दर्शनास निघाला तेव्हा स्थविरांनी त्याच्याबरोबर काही विनंत्या पाठविल्या. अवंती-दक्षिणापथात भिक्षू थोडे आहेत. तेथील भूमी वरून काळी, खडबडीत आणि गुरांच्या खुरांनी तुडविलेली आहे. तेथील लोक स्नानाला महत्त्व देतात. तेथे अंथरुणासाठी मेंढी, बकरी व हरिण यांची कातडी वापरतात.

तथागतांनी या विनंत्या मान्य केल्या. मध्यदेशाच्या सीमा सांगून त्यांच्याबाहेरील प्रत्यंत जनपदांत पाच भिक्षूंच्या गणाने उपसंपदा द्यावी, अनेक पदरी तळाच्या वहाणा वापराव्यात, नेहमी स्नान करावे, कातडी अंथरावीत, अशी अनुज्ञा त्यांनी दिली. त्या सीमांप्रमाणे आपला भंडारा जिल्हाही प्रत्यंत जनपदातच येतो. भूमीचे वर्णन करताना विनयाने ‘कण्हुत्तरा’, म्हणजे वरून काळी, हा शब्द योजिला आहे. भंडाऱ्याचा शेतकरी काळ्या भारी जमिनीला ‘कन्हार’ म्हणतो. पालीतील ‘कण्ह’ आणि आपल्या बोलीतील ‘कन्हार’ ही एकाच मूळ शब्दाची रूपे दिसतात.

वर्षावासाच्या नियमातही हीच लवचीकता आहे. उपासकांचे बोलावणे किंवा आजारी व्यक्तीची शुश्रूषा अशा कारणांसाठी सात दिवसांत परतण्याच्या अटीवर बाहेर जाता येते. त्यास ‘सत्ताहकरणीय’ म्हणतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना धम्मदीक्षा देण्यासाठी महास्थविर चंद्रमणी कुशिनाराहून नागपुरास आले, तेव्हा आश्विन पौर्णिमा चार-पाच दिवसांवर होती; वर्षावास अद्याप चालू होता. तो प्रसंग आठवला की या अनुज्ञेचे मोल आम्हास विशेष जाणवते. तसेच गाव किंवा निवासस्थान आगीने जळाले वा पुराने वाहून गेले, तर वर्षावास मोडल्याचा दोष लागत नाही. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेच्या पुराचे पाणी भंडारा शहरात व काठच्या गावांत शिरले होते. ज्यांनी ते पाहिले त्यांना या तरतुदीचा अर्थ निराळा सांगण्याची गरज नाही.

खरा वर्षावास कोणता?

आता तरुण उपासकाचा प्रश्न. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने मधूनमधून अधिक मास घालावा लागतो. तो कोठे घालावा याची रीत देशोदेशी वेगळी आहे. २०२३ मध्ये आपल्या पंचांगात अधिक श्रावण आला, तर थायलंड आणि श्रीलंका येथे आषाढच दोनदा मोजला गेला. म्हणून आपली आषाढ पौर्णिमा ३ जुलैला आणि त्यांची १ ऑगस्टला. पण विनयाचे दोन दिवस आठवावेत. आपल्या गणनेप्रमाणे ३ जुलैनंतर एका महिन्याने येणारी पच्छिमिका तीच त्यांची पुरिमिका झाली! त्या ऑगस्टमध्ये सुरू झालेले तीन महिने ऑक्टोबरअखेरच्या पौर्णिमेला संपले आणि आपली आश्विन पौर्णिमाही तीच होती. दोन्ही वर्षावास विनयसंमत होते. खुद्द मगधराज बिंबिसाराने वर्षावास एका महिन्याने पुढे न्यावा अशी विनंती केली असता तथागतांनी ती मानण्यास अनुज्ञा दिली होती. तेव्हा तिथीवरून कोणी कोणास खोटे ठरवू नये.

येथे आपल्या विहारांच्या संदर्भात एक सूचना कराविशी वाटते. रोवणीच्या दिवसांत वाचनास माणसे येत नाहीत, अशी खंत अनेक विहारांचे कार्यकर्ते बोलून दाखवितात. क्वचित येणाऱ्यांची श्रद्धा कमी पडते, असाही सूर निघतो. हा सूर अन्यायाचा आहे. सकाळपासून गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या आमच्या माता-भगिनींची वर्षाची मोठी मजुरी याच दिवसांत असते. वर्षावासाचा नियम भिक्षूंसाठी आहे. उपासकांवर त्याचे बंधन नाही. परंतु ज्यांना पहिल्या दिवशी प्रवेश करणे जमत नाही त्यांच्यासाठी दुसरा दिवस मोकळा ठेवण्याची जी दृष्टी विनयात आहे, ती आपण घेऊ शकतो. आषाढात वाचन जरूर सुरू करावे. पण रोवणी आटोपल्यावर, श्रावण पौर्णिमेपासून, ग्रंथाचे पहिले खंड पुन्हा वाचावेत. त्यामुळे ज्यांच्या हातांनी बांध्या हिरव्या झाल्या त्यांच्याही कानी तथागतांची जीवनकथा पहिल्या पानापासून पडेल.

राजगृहाच्या सामान्य लोकांचे ऐकून तथागतांनी नियम केला आणि अवंतीच्या भूमीचे वर्णन ऐकून काही नियम सैल केले. अनुराधपुराचा कोरडा आषाढ, नाखोन सी थम्मरातचा ओला नोव्हेंबर आणि भंडाऱ्याची भरलेली बांधी या तिन्ही ठिकाणी तोच वर्षावास नांदतो, याचे रहस्य या ऐकण्यात आहे. त्या रात्री प्रश्न विचारून उपासिकाबाई लवकर उठल्या. पहाटे त्यांना पुन्हा रोवणीला जायचे होते. त्यांच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आम्ही येथे लिहिले आहे. त्यांच्या विहारात कोणी ते श्रावणात वाचून दाखविले, तर आमचे श्रम सार्थकी लागतील.